एका रात्रीपुरती जमीन

'मुक्काम' हा शब्द मराठीने अरबी-फारसीकडून घेतला आणि त्याचा अर्थ थोडा वळवून आपलासा केला. उर्दूत 'मकाम' म्हणजे ठिकाण, आणि माणसाचा दर्जासुद्धा. मराठीत मुक्काम म्हणजे वाटेत थांबणे, रात्र काढणे. पण याच मराठीत पत्रावरचा पत्ता 'मु. पो.' या अक्षरांनी सुरू होतो आणि तिथे तोच मुक्काम माणसाचे कायमचे गाव होऊन बसतो. मी उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवते. मुलांना मराठी पत्रलेखन शिकवताना 'मु. पो. म्हणजे काय?' हा प्रश्न दरवर्षी येतो. उत्तर दोन मिनिटांत देऊन होते, पण त्या शब्दात अडकलेला दुसरा प्रश्न माझ्या मनातून जात नाही. जी जमीन कुणा एकाची नाही, सगळ्यांची म्हणून सरकारच्या नावावर आहे, तिच्यावर पाठ टेकण्याचा हक्क कुणाला? आणि एका रात्रीचा मुक्काम कोणत्या क्षणी अतिक्रमण होतो?

हा प्रश्न हवेतला नाही. शनिवारी रात्री घाटकोपर किंवा मुलुंड स्टेशनावर उभे राहिले तर कर्जत-कसाऱ्याच्या शेवटच्या गाड्यांत पाठीवर मोठ्या सॅक घेतलेली पोरे चढताना दिसतात. कुणी नेरळला उतरून पेबला जातो, कुणी आसनगावहून माहुलीला, कुणी पुढे हरिश्चंद्रगडाला. हॉटेल, धर्मशाळा, वीज, नळ यांपैकी काही नसलेली जागा त्यांना हवी असते. माझा धाकटा भाऊ त्यांच्यातलाच. त्याच्याकडून मला कळले की अशी जागा शोधणे ही एक विद्या आहे. आधी पाणी पाहायचे. गडावर कातळात खोदलेली टाकी असतात, त्यांतले कोणते पिण्याचे आणि कोणते नाही, हे माहीत हवे. पाण्याच्या जवळ राहायचे, पण अगदी काठावर नाही, कारण रात्री जनावरे त्याच वाटेने पाण्यावर येतात. कोरड्या ओढ्याचे पात्र सपाट आणि मऊ दिसते, पण वर डोंगरात पाऊस झाला तर पाणी सांगून येत नाही. कड्याच्या पायथ्याला झोपायचे नाही, दगड सुटतात. पठाराच्या टोकावर वारा तंबू टिकू देत नाही. वठलेल्या झाडाखाली थांबायचे नाही. आणि कड्यावर आग्या मोहोळ असेल तर त्याच्या खाली चूल पेटवायची नाही, कारण धुराने उठलेल्या माश्या कुणाला ओळखत नाहीत.

हे सगळे ऐकताना मला एक जाणवले. ही यादी जशीच्या तशी आमच्या वस्तीतल्या जुन्या माणसांनाही पाठ आहे. चाळीस-पन्नास वर्षांपूर्वी उपनगरातल्या टेकड्यांवर ज्यांनी पहिली झोपडी घातली, त्यांनीही हेच पाहिले होते. पाणी किती लांब आहे, दरड कुठे आहे, नाला पावसात कुठवर चढतो, आणि एक जास्तीची गोष्ट, रखवालदाराची नजर कुठवर पोचते. विद्या एकच आहे. एकाला आपण गिर्यारोहक म्हणतो आणि दुसऱ्याला घुसखोर.

ही तुलना वरवरची आहे, असे कुणी म्हणेल. ट्रेकला जाणारा सकाळी तंबू गुंडाळून निघून जातो, झोपडीवाला जात नाही, एवढा मोठा फरक डोळ्यांआड कसा करायचा? आक्षेप रास्त आहे. या लेखात मला त्याच फरकाकडे नीट पाहायचे आहे.

अमेरिकेत या प्रकाराला रीतसर मान्यता आहे. तिथली राष्ट्रीय वने आणि केंद्राच्या भूव्यवस्थापन खात्याकडची लाखो एकर जमीन यांवर कुणीही, एक पैसा न भरता, ठरवून दिलेल्या तळांपासून दूर, स्वतः शोधलेल्या जागी तंबू ठोकू शकतो. बहुतेक ठिकाणी मुदत 14 दिवसांची. मग उठायचे आणि दूर जायचे. पाण्यापासून सुमारे 200 फूट लांब राहायचे, आधी कुणी वापरलेली जागा असेल तर तीच वापरायची, नवी जमीन तुडवायची नाही, कचरा परत न्यायचा, मैला खड्डा करून पुरायचा. स्वीडनमध्ये तर दुसऱ्याच्या खासगी रानातसुद्धा एखादी रात्र काढण्याचा हक्क परंपरेनेच सर्वांना आहे. स्कॉटलंडने असा हक्क 2003 साली कायद्यात आणला. इंग्लंडात डार्टमूरच्या माळरानावर रात्र काढता येते की नाही, हा वाद अनेक न्यायालये चढून गेला आणि मे 2025 मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की 1985 च्या कायद्यात जो मोकळ्या हवेतल्या विरंगुळ्याचा हक्क आहे, त्यात तंबू टाकून झोपणेही येते. जमीनमालक हरले, चालणारे जिंकले. मला हा निकाल मनापासून आवडला.

पण त्याच्या आदल्याच वर्षी, जून 2024 मध्ये, अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ग्रँट्स पास या ओरेगनमधल्या छोट्या शहराच्या बाजूने निकाल दिला. त्या शहराच्या नियमाप्रमाणे सार्वजनिक बागेत किंवा रस्त्यावर अंगावर पांघरूण घेऊन झोपणे हाही 'कॅम्पिंग'चा गुन्हा होता आणि पहिला दंड 295 डॉलर होता. ज्यांना घर नाही आणि ज्यांच्यासाठी शहरात पुरेशी निवाऱ्याची जागा नाही, त्यांना झोपण्याबद्दल दंड करणे ही क्रूर शिक्षा नव्हे, असे बहुमताने ठरले. एकाच देशात, एकाच शब्दाचे हे दोन अर्थ. जंगलात 14 रात्री मोकळ्या, आणि शहरातल्या बाकावर एक रात्र गुन्हा. जंगलातल्या माणसाचे तंबूचे सामान पाहिले की कळते, त्याला परत जायला घर आहे. बाकावरच्या माणसाची गोधडी पाहिली की कळते, त्याला नाही. कायदा तोंडाने काहीही म्हणो, त्याची नजर त्या सामानावर आहे.

आपल्याकडे सार्वजनिक जमीन या कल्पनेचाच गोंधळ आहे. आपण 'सरकारी जमीन' म्हणतो, आणि सरकारी म्हणजे एकतर कुणाचीच नाही किंवा साहेबाची, असा अर्थ मनात धरतो. प्रत्यक्षात ती अनेक हातांत वाटलेली आहे. वनखात्याची जमीन वेगळी, महसूलची वेगळी, गडावरची पुरातत्त्वाची, धरणाकाठची पाटबंधारे खात्याची, आणि गावाची म्हणून राखलेली गायराने वेगळी. राष्ट्रीय उद्यान किंवा अभयारण्य असेल तर 1972 च्या वन्यजीव कायद्याने परवानगीशिवाय आत पाऊल टाकता येत नाही, झोपणे तर लांबच. कळसूबाई-हरिश्चंद्रगडाचा परिसर असाच अभयारण्यात आहे. तिथे तंबू लावताना पुष्कळांच्या मनातही येत नाही की आपण कुणाच्या तरी अंगणात आहोत.

आमच्या उपनगरांच्या उशाशी असलेले संजय गांधी राष्ट्रीय उद्यान सुमारे 103 चौरस किलोमीटरचे आहे. बोरिवलीचे फाटक, मुलुंडची बाजू, ठाण्याचे येऊर, खाली आरे. मुंबईच्या चारी बाजूंच्या माणसांनी त्याला वेढलेले आहे आणि आत विहार आणि तुळशी हे तलाव आहेत, ज्यांचे पाणी दीडशे वर्षांच्या आसपास हे शहर पीत आले आहे. अलीकडच्या मोजण्यांत आतल्या बिबट्यांची संख्या पन्नासच्या आसपास आढळली. अशा जंगलात कुणी आपल्या मर्जीने तंबू ठोकू नये, हे मला पूर्ण मान्य आहे.

आणि तरी याच जंगलात माणसांनी सुमारे हजार वर्षे मुक्काम केला. मी दर दोन-तीन वर्षांनी मुलांना कान्हेरीला नेते. शंभराहून अधिक लेणी, इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकापासून खोदत आणलेली. मुलांना मोठ्या बुद्धमूर्ती पाहून झाल्या की मी त्यांना छोट्या खोल्या दाखवते. आत दगडाचाच ओटा, झोपायला. बाहेर कातळात पन्हळी खोदून पावसाचे पाणी टाक्यात उतरवलेले. वारा कुठून येतो, पाणी कुठे साठते, ऊन किती वेळ राहते, हे सगळे पाहून जागा निवडलेली. भिक्षू एरवी फिरते. पण पावसाळ्यात चालताना कोवळे गवत आणि बारीक जीव पायाखाली मरतात म्हणून तीन महिने एका जागी राहायचे, असा त्यांचा नियम. म्हणजे मुळात तोही तात्पुरता मुक्काम, पावसापुरता. पुढे तो दगडात पक्का झाला. भिंतींवरच्या शिलालेखांत कल्याणच्या, सोपाऱ्याच्या व्यापाऱ्यांनी दिलेल्या दानांची नोंद आहे. हे लेणे अमक्याने दिले, हे टाके तमक्याने दिले.

मागच्या सहलीत एका सातवीच्या मुलाने ओट्यावर हात फिरवत विचारले, "टीचर, इन लोगों को यहाँ रहने की इजाज़त किसने दी थी?" मी शिलालेखातल्या दानाबद्दल सांगितले. तो म्हणाला, "लेकिन पहाड़ तो सेठ का नहीं था ना?"

या मुलाचे कुटुंब ज्या इमारतीत राहते, तिथले पुष्कळ लोक कुठून कुठून उठवून आणलेले आहेत. त्यामुळे त्याचा प्रश्न मला नुसता हुशारीचा वाटला नाही.

त्याच डोंगराच्या उतारांवर 1970 नंतर हजारो झोपड्या उभ्या राहिल्या. 1995 मध्ये एका पर्यावरण संस्थेने याचिका केली आणि 7 मे 1997 रोजी मुंबई उच्च न्यायालयाने उद्यानातली अतिक्रमणे काढण्याचा आदेश दिला. 1 जानेवारी 1995 च्या मतदारयादीत ज्यांचे नाव होते, त्यांना पर्यायी जागा मिळणार होती, पण त्यासाठी 7,000 रुपये भरायचे होते. आधी कल्याणकडची जागा दाखवण्यात आली, जिथून रोजच्या कामावर येणे म्हणजे अर्धा पगार आणि अर्धा दिवस घालवणे. पुढे बऱ्याच संघर्षानंतर चांदिवलीत इमारती झाल्या. ज्यांच्याकडे कागद नव्हता, ज्यांना पैसे भरता आले नाहीत, ते पांगले. उद्यानाच्या हद्दीचा हा प्रश्न आजही पुरता मिटलेला नाही.

जंगल वाचले पाहिजे म्हणणारे खोटे बोलत नव्हते. पाणलोटात वस्ती झाली तर तलाव मरतो, आणि तलाव मेला तर त्याच झोपडीतल्या बाईला हंडाभर पाण्यासाठी आणखी लांब जावे लागते. मी स्वतः 'गरीब आहे, राहू द्या कुठेही' या मताची नाही. डोंगर खचून झोपड्यांवर आल्याच्या बातम्या उपनगरात आपण दर पावसाळ्यात वाचतो. चुकीच्या जागी राहू देणे ही दयाही नव्हे. माझा आक्षेप वेगळा आहे. उठवताना आपण जो मापदंड लावतो, तो घर असलेल्या माणसाचा मापदंड आहे. मागे खूण न ठेवता निघून जा, हा तंबूवाल्याचा धर्म. फार चांगला धर्म आहे. पण तो पाळायला मागे घर लागते. ज्याला जायला जागाच नाही, त्याला खूण न ठेवण्याचा उपदेश म्हणजे तू नाहीसा हो असे सांगण्यासारखे आहे.

आणि त्या उद्यानात तिसरेही लोक आहेत, ज्यांना हे दोन्ही शब्द लागू पडत नाहीत. पाड्यांवरचे वारली आणि इतर आदिवासी. ते तंबूवालेही नाहीत आणि आगंतुकही नाहीत. उद्यानाची हद्द कागदावर आखली गेली तेव्हा ते आत राहत होते आणि वाघोबाला नैवेद्य दाखवत होते. बिबट्याशी शेजार कसा करायचा, हे त्यांनी कुणाकडून शिकलेले नाही. 2006 च्या वनहक्क कायद्याने आपल्या प्रस्तावनेतच कबूल केले की जंगलात राहणाऱ्यांवर ऐतिहासिक अन्याय झाला. कायदा सहसा असे बोलत नाही, म्हणून ते वाक्य मला महत्त्वाचे वाटते. तरी त्यांनाही पुरावा मागितला जातोच, 13 डिसेंबर 2005 च्या आधीपासून जमीन कसत असल्याचा.

तारखांचा हा हिशेब मला नेहमी खटकतो. 1995, 2000, 2005. अमुक तारखेला तू कुठे झोपलास? त्याच्या उलट एक कल्पना आमच्या परंपरेत आहे आणि विषय निघालाच आहे म्हणून तिचा उल्लेख करते. जकात कुणाला द्यावी, याचे जे आठ वर्ग कुरआनात सांगितले आहेत, त्यांत एक 'इब्नुस्सबील' म्हणजे वाटसरूचा आहे. शब्दशः अर्थ वाटेचा मुलगा. धर्मशास्त्राचे जाणकार सांगतात की हा वाटसरू आपल्या गावी श्रीमंत असला तरी चालेल. आत्ता, या वाटेवर, त्याच्या हाती काही नाही एवढे पुरे. त्याचे गाव, त्याचा मागचा हिशेब विचारायचा नाही. गरज त्या रात्रीची पाहायची. पाहुणचाराची मुदत मात्र तीन दिवसांची मानली गेली आहे, म्हणजे यजमानाचाही विचार आहे. हा काही शहर चालवण्याचा कायदा होऊ शकत नाही, हे मला समजते. पण प्रश्न कुठून सुरू करायचा, हे त्यातून कळते.

आपल्या गावांनीही हे आपापल्या रीतीने जमवलेले होते. सुगीनंतर धनगराचा वाडा रानात उतरतो. शेतकरी स्वतः बोलावतो, माझ्या वावरात मेंढ्या बसव म्हणतो, आणि त्या बदल्यात धान्य देतो, कारण मेंढ्यांच्या लेंड्यांनी जमीन पोसते. इथे मुक्कामाची खूण मागे राहावी अशीच दोघांची इच्छा असते. पण प्रत्येक भटक्याच्या नशिबी हे आले नाही. इंग्रजांनी 1871 मध्ये गुन्हेगार जमातींचा कायदा केला आणि कित्येक जमातींना कुठेही पाल ठोकले की पोलिसांकडे हजेरी लावणे भाग पडले. सोलापूरला तर तारेच्या कुंपणाआड वसाहत होती. तो कायदा 1952 मध्ये गेला, पण गावाच्या कडेला पाल दिसले की पाटलाने हटकायचे, ही सवय गेली नाही. आमच्यातले छप्परबंदही या विमुक्त जातींच्या यादीत आहेत. नावातच छप्पर असलेल्या लोकांना छप्पर मिळू नये, हा दैवाचा काय खेळ! लक्ष्मण माने यांच्या 'उपरा'ने 1980 मध्ये पालातले जगणे मराठी वाचकापुढे ठेवले, तेव्हा पांढरपेशा वाचक हादरला होता. आज त्याच वाचकाची नातवंडे रंगीत तंबू घेऊन त्याच माळांवर जातात. जाऊ देत, मला त्याचा आनंदच आहे. फक्त त्या माळावर आधी कुणाला उठवले गेले, हे त्यांना ठाऊक असावे.

पवना धरणाच्या काठी आज शेकडो तंबूंची रांग लागते. मुंबई-पुण्याची मंडळी शनिवारी तिथे शेकोटी, गाणी आणि जेवण असा एका रात्रीचा मुक्काम विकत घेतात. जागा सुंदर आहे. पण ते पाणी गावांवर उभे आहे. उन्हाळ्यात पाणी ओसरले की जुने वाघेश्वराचे देऊळ उघडे पडते आणि लोक त्याचे फोटो काढतात. ज्यांची जमीन धरणात गेली, त्यांच्यातल्या अनेकांना पुनर्वसनासाठी दशकानुदशके भांडावे लागले. काठावर तंबू भाड्याने देणारा पोरगा कदाचित अशाच घरातला असेल, आणि आपल्याच आजोबाच्या शिवारावर पाहुण्यांना चहा देत असेल.

मग या शहराने उघड्यावर झोपणाऱ्याचे काय केले? जुलै 1981 मध्ये मुख्यमंत्री अ. र. अंतुले यांनी जाहीर केले की फुटपाथवर आणि झोपड्यांत राहणाऱ्यांना हटवून त्यांच्या मूळ गावी किंवा मुंबईबाहेर पाठवले जाईल. अंतुले आपल्या कोकणचे, आणि महाराष्ट्राचे आजवरचे एकमेव मुस्लिम मुख्यमंत्री. त्यांच्या नावाचा आमच्याकडे अजूनही अभिमान आहे, पण भर पावसात झोपड्या मोडण्याचा तो निर्णय अभिमानाचा नव्हता. पत्रकार ऑल्गा टेलिस आणि इतर न्यायालयात गेले. 10 जुलै 1985 रोजी सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला, सरन्यायाधीश होते यशवंतराव चंद्रचूड. निकालाने म्हटले की जगण्याच्या हक्कात उपजीविकेचा हक्क येतो, आणि माणूस फुटपाथवर झोपतो तो कामाच्या जवळ राहावे म्हणून. एवढे मोठे तत्त्व मान्य करून शेवटी ठरले ते असे की फुटपाथ अडवण्याचा हक्क कुणाला नाही, रीतसर नोटीस देऊन हटवता येईल. फक्त 31 ऑक्टोबर 1985 पर्यंत हात लावायचा नाही. पावसाळा जाऊ द्या.

पहिल्यांदा हे वाचले तेव्हा ती तारीख मला थट्टेसारखी वाटली होती. हक्क दिला तोही चार महिन्यांचा! आता तसे वाटत नाही. कान्हेरीच्या भिक्षूंनी पावसात चालणे थांबवले ते पायाखालच्या जिवांसाठी. न्यायालयाने पावसात पाडणे थांबवले ते फुटपाथवरच्या जिवांसाठी. दोन्हीत दोन हजार वर्षांचे अंतर आहे, पण या भूमीवर राहणाऱ्याला पाऊस म्हणजे काय ते कळते, एवढी एक गोष्ट समान आहे. मालकीचा वाद नंतर बघू, आज डोक्यावर पाणी पडते आहे. ही निदान सुरुवात म्हणून खरी आहे.

26 जुलै 2005 ला सांताक्रूझला एका दिवसात 944 मिलिमीटर पाऊस पडला तेव्हा मी नववीत होते. आमची शाळा उंचावर होती. रात्री वर्गांत बाक जोडून माणसे झोपली होती. कुणी बँकेतला, कुणी हमाल, एक नवी नवरी, आणि कुठल्या तरी कंपनीचे मोठे साहेब, बूट उशाला घेऊन. मशिदीत, मंदिरात, सोसायट्यांच्या जिन्यांत त्या रात्री असेच होते. सगळे शहर वाटेचे मूल झाले होते आणि कुणी कुणाला 1995 चा पुरावा विचारला नाही. पाणी उतरल्यावर सगळे घरी गेले. ज्यांचे घर वाहून गेले होते, ते मात्र शाळेतून हलेनात. तेव्हा चार दिवसांतच कुरकूर सुरू झाली, शाळा कधी सुरू होणार म्हणून. कुरकूर करणारे वाईट नव्हते. शाळा खरेच सुरू व्हायला हवी होती.

इथे एक बाईच्या बाजूची गोष्टही सांगायला हवी. उघड्यावर रात्र काढण्याच्या या साऱ्या चर्चेत झोपणारा माणूस बहुधा पुरुष धरलेला असतो. भाऊ सांगतो, वारा पाहा, पाणी पाहा. मी आधी पाहते ती वस्ती किती जवळ आहे. बी.एड.च्या वर्षी आम्ही सात मैत्रिणी राजमाचीला गेलो तेव्हा जंगलात नाही, उधेवाडीत एका घराच्या पडवीत झोपलो. फुटपाथवरची बाई रात्रभर जागीच असते, हे कुणालाही विचारा. निर्जन जागा म्हणजे स्वातंत्र्य, हे ज्याला वाटते, त्याला माणसांची भीती वाटण्याचे कारण कधी पडलेले नसते.

त्या उधेवाडीच्या रात्रीतून मला एक रीत कळली. गडकिल्ल्यांवर जाणारी जुनी माणसे ती पाळत आली आहेत. जमीन सरकारी असो, देवस्थानाची असो वा पडीक असो, अंधार पडायच्या आत जवळच्या वाडीत जायचे आणि जो कुणी भेटेल, विहिरीवरची बाई, ओट्यावरचा म्हातारा, त्याला विचारायचे, "आम्ही इथं वर रात्रभर राहिलो तर चालंल का?" कायद्याने त्या बाईला परवानगी देण्याचा अधिकार नाही. वनखात्याची परवानगी जिथे लागते, तिथे ती वेगळी घ्यावीच लागते. तरी विचारायचे. ती सांगते, तिकडं नको, तिकडं रानडुक्कर येतं. किंवा, देवळात झोपा. किंवा, शाळेच्या व्हरांड्यात झोपा, पण सकाळी गुरुजी यायच्या आत झाडून ठेवा. जिल्हा परिषदेच्या शाळांच्या व्हरांड्यांनी अशा किती माणसांच्या रात्री सांभाळल्या असतील, त्याची नोंद कुठल्या हजेरीपटात नाही.

मला यात सगळ्या प्रश्नाची कळ दिसते. ज्याच्याकडे निवड आहे, त्याने विचारले पाहिजे. ज्याच्याकडे निवड नाही, त्याला विचारायला कुणीतरी असले पाहिजे. पहिले आपल्या हातात आहे. दुसरे नाही, कारण शहरात आलेल्या माणसाने 'इथं रात्रभर राहिलो तर चालंल का' असे कुणाला विचारावे, अशी विहीरही नाही आणि ओटाही नाही. तो एकतर दलालाला विचारतो आणि पैसे मोजतो, किंवा कुणालाच न विचारता अंग टाकतो. मग पंचवीस वर्षांनी आपण त्याला विचारतो, तू कुणाला विचारून राहिलास?

सातवीतल्या त्या मुलाला मी तेव्हा नीट उत्तर देऊ शकले नाही. पहाड शेठचा नव्हता, हे त्याचे खरेच होते. तो राजाचा होता असे म्हटले तरी पुढचा प्रश्न आलाच असता. एवढ्यात रखवालदाराने शिटी वाजवली, कारण दोन मुले दगडी ओट्यावर सरळ आडवी झाली होती.

आता आमच्या वस्तीतली कॉलेजची पोरे कधीमधी भावाकडे येतात. रात्रीच्या मुक्कामाला कुठे जाता येईल, फुकटची आणि गर्दी नसलेली जागा कोणती, म्हणून विचारतात. तो त्यांना पाण्याची टाकी, मोहोळे, ओढे समजावतो. मी चहा देता देता माझे दोन शब्द घालते. दुपारी चारच्या आत वाडीत पोचा. चपला काढून ओट्यापाशी जा, मग विचारा. भाकरी त्यांच्याकडूनच घ्या आणि पैसे घासाघीस न करता द्या. आणि नाही म्हणाले, तर खालच्या फाट्यावरून शेवटची एसटी किती वाजता आहे, ते वर चढण्याआधीच विचारून ठेवा.